कॅमेरा भिंतीवर, बटण मागच्या टेबलावर : रिमोट पॅनेलने रेकॉर्डिंग करताना

जयंतीच्या व्याख्यानमालेत पूर्वी शूटिंगवाला मधल्या वाटेत स्टँड लावून उभा असे. मागच्या रांगांना वक्त्याऐवजी त्याची पाठ दिसायची. आता अनेक सभागृहांत, वसतिगृहांच्या हॉलमध्ये, मोठ्या विहारांत कॅमेरा भिंतीवर किंवा खांबावर बसवलेला असतो, रेकॉर्डर कपाटात असतो, आणि मागच्या टेबलावर एखादा तरुण कार्यकर्ता जॉयस्टिक व बटणांचे पॅनेल घेऊन बसलेला असतो. ज्यांच्याकडे एवढी सामग्री नाही, तेही मोबाइल स्टँडवर लावून खिशातल्या छोट्या ब्लूटूथ बटणाने रेकॉर्डिंग सुरू करतात. दोन्हीकडे यंत्र एका जागी आणि हात दुसऱ्या जागी.

यंत्रासमोर उभे असताना लाल ठिपका आपण डोळ्यांनी पाहतो. लांबून बटण दाबतो तेव्हा ते यंत्रापर्यंत पोहोचले का, यंत्राने मानले का, आणि मानले असले तरी दीड तासानंतरही ते रेकॉर्ड करत आहे का, हे कसे कळायचे? बहुतेक कार्यकर्त्यांना पॅनेलवरचे कोणते बटण कशासाठी हे कोणीतरी दाखवलेले असते. यंत्राचे उत्तर कसे वाचायचे, हे मात्र क्वचितच सांगितले जाते. हा लेख त्या उत्तराबद्दल आहे.

प्रश्न किरकोळ नाही. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी आई-वडिलांचे बोट धरून नागपूरला गेलेली मुले आज पंचाहत्तरीच्या पुढे आहेत. १९७८ साली मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला आणि १४ जानेवारी १९९४ रोजी नामविस्तार झाला. त्या काळात मोर्च्यात चाललेले, तुरुंगात गेलेले, जळालेली घरे पाहिलेले लोक आता थकले आहेत. ही माणसे एखाद्या रविवारी व्यासपीठावर येतात आणि तासभर बोलतात. पुढच्या वर्षी बोलता येईलच असे नाही. लग्नात हार घालतानाचे दृश्य हुकले तर शूटिंगवाला पुन्हा हार घालायला लावतो. इथे ती सोय नाही.

पोस्टकार्ड आणि पोचपावती

सगळ्यात साध्या साधनापासून सुरुवात करू. दोन-तीनशे रुपयांचे ब्लूटूथ शटर फोनला प्रत्यक्षात एवढेच सांगते की ‘आवाज वाढवायचे बटण दाबले’. फोनच्या लेखी तो एक छोटा कीबोर्ड असतो. कॅमेऱ्याचे ॲप उघडे असेल आणि व्हिडिओवर असेल, तर फोन त्या दाबण्याचा अर्थ ‘रेकॉर्डिंग सुरू कर’ असा घेतो. ॲप फोटोवर राहिले असेल तर एक फोटो निघतो. ॲप बंद झाले असेल तर नुसता आवाज वाढतो. बटणावरचा बारीक दिवा तिन्ही वेळा सारखाच लुकलुकतो, कारण फोनने काय केले हे त्याला कळतच नाही. टीव्हीचा इन्फ्रारेड रिमोटही असाच. टीव्हीचा प्लग काढून ठेवला तरी रिमोटचा दिवा लागतो.

हे साधे पोस्टकार्ड झाले. टाकले, पुढे काय झाले ते टाकणाऱ्याला माहीत नाही. याउलट पोचपावतीचे रजिस्टर पत्र असे, त्यावर घेणाऱ्याची सही होऊन गुलाबी-पिवळा कागद परत यायचा. व्हिडिओच्या व्यवसायातली चांगली रिमोट पॅनेल या दुसऱ्या पद्धतीने चालतात. आपल्या हातातले साधन कोणत्या जातीचे आहे, हे कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी ओळखणे हे रिमोट चालवणाऱ्याचे पहिले काम. ओळखायची रीत सोपी आहे. रेकॉर्डरमधून कार्ड काढा आणि पॅनेलवरून रेकॉर्डचे बटण दाबा. पॅनेलने तक्रार केली तर ते पोचपावतीचे. हसतमुखाने लाल दिवा लावला तर पोस्टकार्ड समजा आणि त्यावर विसंबू नका.

पोस्टकार्डाची अडचण आणखी एका कारणाने वाढते. बहुतेक कॅमेऱ्यांवर आणि फोनवर सुरू करायला आणि थांबवायला एकच बटण असते. बंद असेल तर चालू होते, चालू असेल तर बंद. जवळ उभे असताना यात काही बिघडत नाही. लांबून मात्र, ‘लागले की नाही’ अशी शंका येऊन दुसऱ्यांदा दाबले की सुरू झालेले रेकॉर्डिंग थांबते. तेव्हापासून सगळे उलटे चालते. भाषण सुरू असताना यंत्र बंद, आणि चहाच्या सुट्टीत खुर्च्या सरकवल्याचे चाळीस मिनिटांचे उत्तम चित्रण. व्हिडिओच्या धंद्यातल्या कोणाही जुन्या माणसाला विचारा, असा एखादा किस्सा त्याच्याकडे असतोच. एकाच बटणावर दोन यंत्रे चालवली तर गोंधळ दुप्पट होतो. एकाने पहिला दाब घेतला, दुसऱ्याने घेतला नाही, की दोन्ही यंत्रे कायम परस्परविरुद्ध स्थितीत राहतात. म्हणून ‘सुरू’ आणि ‘थांब’ यांची बटणे वेगळी असलेले पॅनेल मिळत असेल तर तेच घ्यावे, बाकी वैशिष्ट्ये कमी असली तरी चालतील.

टेपच्या काळातली शिस्त

टेलिव्हिजन स्टुडिओत टेप रेकॉर्डर मोठे, आवाज करणारे आणि तापणारे असत. म्हणून ते वेगळ्या खोलीत ठेवत आणि चालवणारा माणूस दुसऱ्या खोलीतून चालवत असे. त्यासाठी सोनी कंपनीच्या यंत्रांवर मागे नऊ खिळ्यांचे एक कनेक्टर असे. धंद्यात त्याला आजही ‘नाईन-पिन’ म्हणतात. आरएस-४२२ या विद्युत पद्धतीने त्यातून सेकंदाला ३८,४०० बिट या वेगाने आज्ञा जात. आजच्या मानाने हा वेग हास्यास्पद आहे, पण आज्ञाच मुळी दोन-चार बाइटची असल्याने तो पुरत असे. तारांची जोडी अशी वापरली होती की लांबच्या अंतरावरही बाहेरच्या विजेच्या खरखरीचा त्रास कमी व्हावा.

यातली खरी शहाणपणाची गोष्ट वेगाची नाही. नियम असा होता की आज्ञा मिळाल्यावर यंत्राने ९ मिलिसेकंदांच्या आत उत्तर द्यायचेच. समजले असेल तर ‘मान्य’, बिघडून पोहोचले असेल तर ‘अमान्य’. उत्तर आले नाही तर पॅनेलने तार तुटली किंवा यंत्र बंद आहे असे धरायचे. शिवाय पॅनेल सतत यंत्राची विचारपूस करत राही. टेप आत आहे का? तू आता काय करतोस, थांबला आहेस, वाजवतोस की रेकॉर्ड करतोस? टेप कुठपर्यंत आली? पॅनेलवर रेकॉर्डचा दिवा लागे तो बोट दाबले म्हणून नव्हे, तर ‘मी रेकॉर्ड करतो आहे’ असे यंत्राने सांगितले म्हणून.

त्या यंत्रांवर ‘लोकल’ आणि ‘रिमोट’ असा एक स्विच असे. रिमोटवर असले की दूरच्या पॅनेलचे चाले, लोकलवर असले की समोरच्या बटणांचे. एका यंत्राचे दोन मालक नकोत, हा त्यामागचा विचार. आजच्या रेकॉर्डरमध्येही हा प्रकार बटणाच्या किंवा मेनूच्या रूपात टिकून आहे. ‘पॅनेल चालतच नाही’ अशी तक्रार आली की वायर उपटण्याआधी आधी तो पाहावा.

हातातल्या लहान कॅमेऱ्यांसाठी सोनीनेच लॅन्क नावाची पद्धत काढली. कॅमेऱ्याला अडीच मिलिमीटरची बारीक पिन लावायची आणि स्टँडच्या दांड्यावर झूम व रेकॉर्डची बटणे बसवायची. जुन्या कॅमकॉर्डरवर काम करणाऱ्या अनेकांकडे ती अजून असेल. एकाच तारेवरून पुन्हा पुन्हा आठ बाइट फिरतात. पहिले चार रिमोट भरतो, पुढचे चार कॅमेरा भरतो. म्हणजे इतक्या स्वस्त साधनातही निम्मी जागा कॅमेऱ्याच्या उत्तरासाठी राखलेली आहे. रेकॉर्डचे बटण मात्र चालू-बंद एकच, त्यामुळे लॅन्क रिमोट घेताना त्यावर कॅमेऱ्याची स्थिती दाखवणारा दिवा आहे की नाही ते पाहावे. स्वस्तातल्या काहींवर तो नसतो.

पॅनेल एक, कामे तीन

नव्याने टेबलावर बसणाऱ्याचा सर्वांत मोठा गैरसमज असा की समोरचे पॅनेल ‘सगळे’ चालवते. प्रत्यक्षात तीन वेगळी कामे असतात. कॅमेरा फिरवणे आणि झूम करणे हे एक. चित्राचा उजेड व रंग जुळवणे हे दुसरे. रेकॉर्डर चालू-बंद करणे हे तिसरे. मोठ्या स्टुडिओत दुसऱ्या कामाला स्वतंत्र माणूस असतो. कॅमेरामन फक्त चौकट सांभाळतो, आणि नियंत्रण कक्षात बसलेला तंत्रज्ञ प्रत्येक कॅमेऱ्याच्या छोट्या पॅनेलवर उजेडाची दांडी हलवून चारही कॅमेऱ्यांचे रंग एकसारखे ठेवतो. आपल्याकडे तिन्ही कामे एकाच मुलावर किंवा मुलीवर येतात.

आपल्या सभागृहात जॉयस्टिकचे पॅनेल असेल तर ते बहुधा फक्त पहिली दोन कामे करते. असे फिरते कॅमेरे पीटीझेड म्हणून ओळखले जातात. त्यांना आज्ञा देण्याची सर्वांत प्रचलित भाषा व्हिस्का. हीही सोनीची, पण इतर अनेक कंपन्यांनी स्वीकारलेली. जुन्या पद्धतीत तारेने एकापुढे एक असे सात कॅमेरे जोडता येत. आता बहुतेक ठिकाणी नेटवर्कच्या केबलनेच काम होते. व्हिस्कामध्ये कॅमेरा दोनदा उत्तर देतो. आज्ञा स्वीकारली की एकदा, आणि ती पूर्ण झाली की पुन्हा. ‘पोडियमकडे वळ’ म्हटल्यावर ‘हो’ असे उत्तर लगेच येते, आणि वळून झाल्यावर ‘झाले’ असे येते. ‘हो’ आणि ‘झाले’ यांच्यामधला सेकंद-दोन सेकंदांचा काळ ज्याला कळला, तो वळत्या कॅमेऱ्याचे हलते चित्र चुकून प्रेक्षकांना दाखवत नाही.

कॅमेरा नकारही देतो. उजेडाची चकती फिरवली आणि काहीच झाले नाही, तर पॅनेल बिघडले असे समजून लोक ते बंद-चालू करत बसतात. बहुतेक वेळा कॅमेरा ‘ऑटो’वर असतो आणि ‘ही आज्ञा आता पाळता येत नाही’ असे उत्तर तो देत असतो, फक्त स्वस्त पॅनेल ते उत्तर दाखवत नाही. आधी ऑटो काढा, मग चकती चालेल. व्यासपीठामागे पांढरा फलक आणि पुढे पांढऱ्या कपड्यांतले वक्ते असतील तर ऑटो काढावेच लागते, नाहीतर चेहरे काळवंडतात.

लाल दिव्याबद्दल इथेच सांगितले पाहिजे. पीटीझेड कॅमेऱ्यावर किंवा पॅनेलच्या कॅमेरा-बटणावर लाल दिवा लागतो, त्याला टॅली म्हणतात. त्याचा अर्थ ‘मिक्सरवर सध्या याच कॅमेऱ्याचे चित्र बाहेर जात आहे’ एवढाच असतो. पुढे दाखवायच्या कॅमेऱ्याला अनेक ठिकाणी हिरवा असतो. रेकॉर्डर चालू असो वा नसो, टॅली लाल राहणार. मंचावरचे लोक तो दिवा पाहून ‘रेकॉर्डिंग सुरू आहे’ असे समजतात, ते ठीक आहे. टेबलावरच्याने तसे समजू नये. टेबलावर एका वेळी तीन लाल गोष्टी दिसू शकतात : टॅली, रेकॉर्डरचा दिवा आणि थेट प्रक्षेपणाचे चिन्ह. यातला कोणता कशाचा, हे कागदाच्या पट्टीवर मराठीत लिहून चिकटवले तर बदली येणाऱ्या माणसाचा फार वेळ वाचतो.

रेकॉर्डरशी बोलणे

तिसऱ्या कामाचे उदाहरण म्हणून ब्लॅकमॅजिक कंपनीचा हायपरडेक घेऊ. लहान स्टुडिओ आणि सभागृहांत तो बराच वापरला जातो, आणि त्याची दूरनियंत्रणाची भाषा उघड व इतकी सरळ आहे की शिकण्यासाठी तिच्याइतके चांगले उदाहरण नाही. रेकॉर्डर नेटवर्कला जोडला की त्याच्या ९९९३ क्रमांकाच्या पोर्टवर कोणताही लॅपटॉप साध्या इंग्रजी शब्दांत आज्ञा पाठवू शकतो. ‘रेकॉर्ड’ असा शब्द पाठवला तर उत्तर येते, ‘२०० ओके’. बाजारातले पॅनेल किंवा फोनवरचे ॲपही बटणामागे असेच शब्द पाठवत असते.

नकाराचे आकडे पाठ करण्यासारखे आहेत, कारण कार्यक्रमात होणारे बहुतेक घोटाळे त्यांत बसतात. १०४ म्हणजे कार्ड भरले. १०५ म्हणजे कार्डच नाही. ११० म्हणजे चित्र येत नाही, कॅमेऱ्याची वायर निघाली असावी. १११ म्हणजे रिमोट बंद आहे, तोच जुना लोकल-रिमोटचा स्विच.

पण ‘२०० ओके’ हे त्या क्षणापुरते आहे. चाळीस मिनिटांनी कार्ड भरले तर सुरुवातीचा तो ओके काही उपयोगाचा नाही. म्हणून ‘ट्रान्सपोर्ट इन्फो’ असे विचारले की यंत्र आपली सध्याची स्थिती सांगते, आणि ‘स्लॉट इन्फो’ विचारले की कार्डावर किती सेकंदांची जागा उरली ते सांगते. न विचारता कळवत राहा, अशीही सूचना देऊन ठेवता येते, मग स्थिती बदलली की यंत्र स्वतः निरोप पाठवते. पॅनेल किंवा ॲप निवडताना विक्रेत्याला एवढाच प्रश्न विचारावा : रेकॉर्डर मधेच थांबला तर तुमच्या पॅनेलवर मला काय दिसेल? उत्तर देताना तो चाचरला तर समजून घ्या.

माझ्या मते चालू रेकॉर्डिंगची सगळ्यात भरवशाची खूण म्हणजे पुढे सरकणारा वेळ. दिवा अडकून राहू शकतो, वेळेचा आकडा सहसा नाही. दर पाच मिनिटांनी तो आकडा आणि उरलेली जागा वहीत टिपणारा एक सहकारी शेजारी बसवावा. काम कंटाळवाणे आहे, म्हणून दर अर्ध्या तासाने माणूस बदलावा.

जागेचा हिशेब आधीच करता येतो. सेकंदाला ५० मेगाबिट या दराने एका तासाला साडेबावीस जीबी लागतात. म्हणजे ६४ जीबीच्या कार्डावर कागदोपत्री पावणेतीन तास, प्रत्यक्षात अडीच धरा. संकलनासाठी सोयीचा प्रोरेस ४२२ हा प्रकार निवडला तर पूर्ण एचडीला तासाला सुमारे ५५ जीबी जातात, आणि तेच कार्ड पहिल्या वक्त्याचे आभार मानेपर्यंत भरते. आपल्याकडे कार्यक्रम वेळेवर सुरू होत नाहीत आणि वेळेवर संपत तर मुळीच नाहीत. पत्रिकेवर दोन तास लिहिले असेल तर चार तासांची जागा ठेवावी.

पैसे नसतील तर काय? लॅपटॉपवर ओबीएस स्टुडिओ हे मोफत सॉफ्टवेअर टाकावे. २०२२ मध्ये आलेल्या २८व्या आवृत्तीपासून त्यात दूरनियंत्रणाची सोय आतच बसवलेली आहे. ती चालू केली की ४४५५ या पोर्टवर, पासवर्ड घालून, फोनवरच्या ॲपमधून रेकॉर्डिंग सुरू करता येते आणि थांबवता येते. ओबीएस रेकॉर्डिंगची स्थिती फोनला परतही कळवते, म्हणजे फुकटातली पोचपावती. फाईलचा प्रकार एमकेव्ही ठेवावा. साधी एमपी४ फाईल मधेच वीज गेली तर अनेकदा उघडतच नाही, एमकेव्हीत तोपर्यंतचे रेकॉर्डिंग वाचते. नंतर ओबीएसमध्येच तिचे एमपी४ करून घेता येते. लॅपटॉपची झोपी जाण्याची सेटिंग बंद करणे मात्र विसरू नये.

फोनवरच रेकॉर्डिंग असेल तर त्या फोनला विमानातला मोड लावून फक्त ब्लूटूथ किंवा वाय-फाय पुन्हा चालू करावे. भाषणाच्या ऐन भरात आलेला फोन हे रेकॉर्डिंग बंद पडण्याचे फार जुने कारण आहे.

वायर, पत्ते आणि जागा

सभागृहाच्या सार्वजनिक वाय-फायवर पॅनेल आणि कॅमेरे ठेवू नयेत. सकाळी रिकाम्या हॉलमध्ये चाचणी घेताना सगळे झकास चालते, संध्याकाळी तीनशे फोन आत आले की जॉयस्टिकला कॅमेरा सेकंदाने उत्तर देतो. स्वतःचा छोटा स्विच किंवा राऊटर घ्यावा. त्याला इंटरनेटची गरज नाही, यंत्रे आपापसांत बोलू शकली म्हणजे झाले. शक्य तेथे केबल वापरावी. नेटवर्कची एक सलग केबल १०० मीटरपर्यंत चालते, आणि कॅमेरा तसा असेल तर त्याच केबलमधून वीजही जाते, म्हणजे छताजवळ वेगळा प्लग नको.

प्रत्येक यंत्राचा नेटवर्कवरचा पत्ता कायमचा ठरवून द्यावा. राऊटरने दरवेळी नवा पत्ता दिला तर काल चालणारे पॅनेल आज कॅमेरा शोधत बसते. हे पत्ते यंत्रावरच चिठ्ठी लावून लिहावेत, कोणा एकाच्या फोनमध्ये ठेवू नयेत. तो मुलगा पुण्याला नोकरीला गेला की पत्तेही पुण्याला जातात. कारखान्यातून आलेला पासवर्ड पहिल्याच दिवशी बदलावा, कारण तो इंटरनेटवर कोणालाही सापडतो.

ठरावीक चौकटी म्हणजे प्रीसेट हे पीटीझेड पॅनेलचे खरे बळ आहे. पोडियम, पूर्ण व्यासपीठ, प्रतिमापूजनाची जागा, अध्यक्षांची खुर्ची, प्रश्न विचारणाऱ्यांचा माइक, एवढ्या पाच-सहा चौकटी कार्यक्रमापूर्वी साठवाव्यात. पोडियमची चौकट साठवताना उंच आणि ठेंगणा असे दोन सहकारी उभे करून पाहावेत. स्टँड किंवा पोडियम हलला की प्रीसेट खोटा पडतो, तेव्हा सतरंजीवर टेप लावून जागा पक्क्या कराव्यात. एकच कॅमेरा असेल तर जॉयस्टिकला हात जितका कमी लागेल तितके बरे. वक्ता बोलत असताना सतत झूम करणारा माणूस स्वतःचा कंटाळा घालवत असतो.

आवाजाबद्दल एकच. पॅनेलवर चित्र दिसते, आवाज ऐकू येत नाही. साऊंडवाल्याकडून आलेली तार रेकॉर्डरला पोहोचते का, हे रेकॉर्डरच्या बाजूने हेडफोन लावूनच ऐकावे.

समोरच्या माणसाला माहीत आहे का?

स्टँडमागे माणूस उभा असला की समोरच्याला कळते, आपले चित्रण होत आहे. भिंतीवरच्या कॅमेऱ्याचे तसे नाही. मागच्या टेबलावरून झूम केले की वीस मीटरवरच्या बाईच्या डोळ्यांतले पाणी पडदाभर दिसते, आणि तिला त्याची कल्पनाही नसते. म्हणून सूत्रसंचालकाने सुरुवातीलाच सांगावे की चित्रण होत आहे, कॅमेरे इथे आणि इथे आहेत, ज्यांना चित्रात यायचे नसेल त्यांनी या बाजूला बसावे. ती बाजू कोणत्याही प्रीसेटमध्ये येणार नाही हे पॅनेलवाल्याने पाहायचे.

अत्याचारग्रस्त कुटुंबातील कोणी बोलत असेल तर काळजी आणखी वाढते. बोलता बोलता ‘हे घेऊ नका’ असे ती व्यक्ती म्हणते, तेव्हा मागच्या टेबलावर ते ऐकू जातेच असे नाही. व्यासपीठाजवळ एक कार्यकर्ता उभा करून हाताची खूण ठरवून ठेवावी. खूण झाली की आधी कॅमेरा पूर्ण व्यासपीठाच्या लांबच्या चौकटीवर न्यावा, प्रक्षेपण सुरू असेल तर ते तोडावे आणि मग रेकॉर्डिंग थांबवावे. थांबले की नाही, तेही यंत्राला विचारूनच पक्के करावे. इथे उलटे चालणारे बटण फार महागात पडेल. लैंगिक अत्याचारातील पीडितेची ओळख उघड करणे भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ नुसार गुन्हा आहे, आणि चेहरा ही ओळखच असते.

कार्यक्रम संपल्यावर

‘थांब’ दाबल्यावर यंत्राला फाईल बंद करायला काही क्षण लागतात. स्थिती ‘थांबलेले’ अशी येईपर्यंत कार्डाला हात लावू नये. मग पॅनेलवरूनच फाईलची सुरुवात, मधला भाग आणि शेवट असे तीन ठिकाणी आवाजासह पाहून घ्यावे. वक्ते अजून चहा घेत असतात, काही राहून गेले असेल तर त्यांना पाच मिनिटे बसवून घेणे या वेळीच शक्य असते. त्यानंतर दोन वेगळ्या डिस्कवर प्रती काढून, त्या दोन वेगळ्या घरी जाव्यात. कार्ड पुसायचे ते दोन्ही प्रती उघडून पाहिल्यावर.

आवरताना रेकॉर्डर पुन्हा ‘लोकल’वर आणून ठेवावा आणि तसे चिठ्ठीवर लिहावे. पुढच्या रविवारी पॅनेल नसलेला कोणी येईल, समोरचे बटण दाबेल, आणि ते चालले पाहिजे.